डेंग्यू, २४ हजार प्लेटलेट्स आणि ‘चार डोनर तयार ठेवा’

माटोळी | बुधवार, सकाळी ११:१०

घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. धाकट्या दिराला डेंग्यू झालाय. वय ३४, एरवी ठणठणीत, शुगर-बीपी काही नाही. शुक्रवारी ताप भरला, शनिवारी डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह आली, सोमवारी म्हापशाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. प्लेटलेट्स सोमवारी ८८ हजार, काल ४१ हजार, आज सकाळी २४ हजार. ताप कालपासून उतरलाय. तो उठून बसलाय, पेज पितोय, मोबाइल बघतोय आणि घरी कधी सोडणार म्हणून भांडतोय.

आत्ता राउंडला आलेले डॉक्टर सांगून गेले, की संध्याकाळी सिंगल डोनर (एकाच माणसाकडून काढलेल्या) प्लेटलेट्स चढवाव्या लागतील, बी पॉझिटिव्हचे चार डोनर तयार ठेवा. झालं, घरात रडारड. सासूबाईंनी शांतादुर्गेला नवस बोलला. व्हॉट्सॲपवर मेसेज सुटलाय, तुमच्यातल्या कित्येकांपर्यंत पोचलाही असेल.

माझ्या डोक्यात एकच घोळतंय. समोरचा माणूस पेज पितोय आणि आम्ही सगळे कागदावरचा आकडा बघून थरथरतोय. ह्या पिशव्या खरंच लागतात का? थांबलं तर चालतं का? आणि डॉक्टरांना विचारायचं तर नेमकं काय विचारू? कुणाला नीट ठाऊक असेल तर सांगा.

खाजें | बुधवार, ११:२२

मेसेज आला होता, तुमच्याच दिराचा का तो! मी बी पॉझिटिव्ह, पर्वरीत असतो, हाक मारा, येतो. माझा नंबर  

तोवर पपईच्या पानांचा रस द्या, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आणि किवी. डेंग्यूच्या दिवसांत पणजी मार्केटात किवीवाल्यांची गणेशचवथ वेगळीच असते, पण घ्या.

*(संपादक: नंबर उडवला आहे. व्यक्तिगत निरोपातून द्यावा. हा नियम डोनरनाही लागू आहे.)*

झुआरीपार | बुधवार, ११:४०

ताई, विचार कसला करताय? २४ हजार म्हणजे गंमत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाला १८ वर गेल्यावर सहा पिशव्या चढवल्या आणि तिसऱ्या दिवशी लाखावर आला. डॉक्टर सांगताहेत तर घ्या. मेडिक्लेम असेल तर खर्चाचाही प्रश्न नाही. नेटवर विचारत बसायची ही वेळ नव्हे.

म्हादईकाठ | बुधवार, दुपारी १२:१५

मी फिजिशियन आहे, गोव्यातच काम करतो. पेशंट न बघता ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं मी लिहिणार नाही. तो निर्णय खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचा. पण माटोळीताईंनी काय विचारावं हे विचारलंय, ते सांगतो. त्याआधी मला काही उत्तरं हवीत.

कुठून रक्त येतंय का? हिरड्या, नाक, लघवी, काळी शी? पोटात सारखं दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत असं आहे का? सुस्त पडून राहतो की बोलतोय? लघवी दर चार-सहा तासांनी होतेय ना? हात-पाय गार पडलेत का? ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काही गेल्या आठवड्यात पोटात गेलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: रिपोर्टवर प्लेटलेट्सच्या दोन-चार ओळी वर ‘हिमॅटोक्रिट’ किंवा ‘पीसीव्ही’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा रोजचा किती आहे? प्लेटलेट्सचा आकडा सगळ्या गावाला पाठ असतो, हा कुणालाच नसतो.

माटोळी | बुधवार, १२:५०

रक्त कुठूनच नाही. पायावर बारीक लाल ठिपके आहेत, दाबले तरी जात नाहीत, त्यांनाच सगळे घाबरलेत. पोटात दुखत नाही, उलटी सोमवारी दोनदा, नंतर नाही. लघवी होतेय. गोळी फक्त पॅरासिटामॉल. पीसीव्ही सोमवारी ४२, काल ४६, आज ४५. बीपी आत्ता ११०/७४, सिस्टरनी सांगितलं.

म्हादईकाठ | बुधवार, दुपारी २:०५

वाचून बरं वाटलं. आता जरा सविस्तर लिहितो, कारण दर पावसाळ्यात हाच धागा वेगळ्या नावाने निघतो.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून नव्हे. केशवाहिन्या झिरपायला लागतात आणि रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पोटात, छातीत जमतं. आतलं रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, अवयवांना रक्त पुरत नाही. असा शॉक लांबला, की मग यकृत बिघडतं, गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि खरा मोठा रक्तस्राव सुरू होतो. रक्त घट्ट होतंय हे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, सांगतो. मूळच्या आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी चढला तर गळती मोठी. तुमच्या दिराचा ४२ धरला तर ५०च्या आसपास गेला असता तर मी घाबरलो असतो. ४६ वरून ४५ वर येतोय.

हे सगळं घडतं ताप उतरताना. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधले २४ ते ४८ तास. ‘ताप गेला, सुटलो’ म्हणून लोक पेशंटला घरी नेतात ते नेमके ह्याच वेळी. म्हणजे तुमचं भांडखोर दीर-महाशय अजून एखादा दिवस तिथेच असू द्या, त्यांनी कितीही आदळआपट केली तरी.

आता प्लेटलेट्स. विषाणू अस्थिमज्जेला काही दिवस दाबून ठेवतो, म्हणजे नवीन कमी बनतात. आणि ज्या रक्तात आहेत त्यांना शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मारत सुटते. बाहेरून पिशवी चढवली तर त्या पाहुण्यांचंही तेच होतं. निरोगी माणसात प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. इथे चढवलेल्या काही तासांत नाहीशा होतात. मग सातव्या-आठव्या दिवशी मज्जा जागी होते आणि आकडा आपोआप उसळतो. झुआरीपार, तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांचा तिसऱ्या दिवशी लाख झाला तो बहुधा ह्याच हिशोबाने. पिशव्या नसत्या तरी झाला असता.

हे माझं मत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच हॉस्पिटलांचा अभ्यास आला. डेंग्यूचे ३७२ प्रौढ पेशंट, सगळ्यांच्या प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याखाली, मोठा रक्तस्राव नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला प्लेटलेट्स दिल्या, दुसऱ्याला फक्त देखरेख. रक्तस्राव झाला पहिल्या गटात २१ टक्के आणि दुसऱ्यात २६ टक्के लोकांना, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. त्रास मात्र प्लेटलेट्स घेतलेल्यांत १३ वेळा झाला, न घेतलेल्यांत दोनदा.

आपल्या सरकारच्या डेंग्यूविषयीच्या मार्गदर्शक सूचनाही जवळपास हेच सांगतात. रक्तस्राव नसेल तर २० हजारांखालीही सरसकट द्यायच्या नाहीत. १० हजारांच्या खाली गेल्यावर विचार करता येईल. रक्त वाहत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आकडा कितीही असो.

पायावरचे ठिपके प्लेटलेट्स कमी असल्याची खूण आहेत. फक्त तेवढ्यावरून पिशवी लागत नाही.

तर डॉक्टरांना शांतपणे विचारा: ‘रक्तस्राव दिसतोय का? हिमॅटोक्रिट स्थिर आहे ना? मग रक्तस्राव झाला किंवा १० हजारांखाली गेला तर द्यायच्या, तोपर्यंत लक्ष ठेवू, असं चालेल का?’ आणि हे आधी सांगा, की तुम्ही थांबलात तर आम्ही नंतर तुम्हाला जाब विचारणार नाही. पुष्कळदा सगळं तिथेच अडलेलं असतं.

झुआरीपार | बुधवार, २:३०

वा. म्हणजे १० हजारांपर्यंत हातावर हात धरून बसायचं? आणि मध्येच मेंदूत रक्तस्राव झाला तर ‘लॅन्सेट’वाले येणार आहेत का? द्यायला हरकत काय आहे हे तुम्ही सांगितलंच नाही. फार तर फायदा होणार नाही. तोटा तर नाही ना?

म्हादईकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:२०

(ओपीडी संपली, आता बसलो.)

तोटा आहे, आणि म्हणूनच इतकं लिहितोय.

प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ अंशांवर ठेवतात. त्या तापमानात जंतूही मजेत वाढतात. म्हणून रक्ताच्या सगळ्या पिशव्यांत जंतुसंसर्गाचा धोका प्लेटलेट्सच्या पिशवीला जास्त. थंडी वाजून ताप येणं, अंगावर गांधी उठणं हे नेहमीचं. क्वचित फुफ्फुसं अचानक पाण्याने भरतात आणि पेशंट व्हेंटिलेटरवर जातो. आणि डेंग्यूतला खास धोका वेगळा आहे. सिंगल डोनरची पिशवी म्हणजे २०० ते ३०० मिली द्रव. बाहेर झिरपलेलं पाणी बरं होताना स्वतःहून रक्तवाहिन्यांत परत येत असतं. नेमक्या त्याच दिवशी सलाइन चालू, वर प्लेटलेट्सच्या दोन पिशव्या. पेशंट पाण्यात बुडतो, आणि नातेवाइकांना सांगितलं जातं की डेंग्यू फुफ्फुसात गेला.

मेंदूतला रक्तस्राव डेंग्यूत होतो, पण दुर्मीळ आहे, आणि आकड्याशी त्याचं सरळ नातं नाही. एखाद्याला ३० हजारांवरही होऊ शकतो, दुसऱ्याला ८ हजारांवरही होत नाही. आधी पिशव्या देऊन तो टळतो असं कुणी दाखवलेलं नाही.

हातावर हात धरून बसायचं, असं मात्र मी कुठेच म्हटलं नाही. दर काही तासांनी बीपी, नाडी, लघवी, दिवसातून दोनदा तरी हिमॅटोक्रिट, द्रव मोजून देणं. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवता येत नाही. पिशवी लटकवली की सगळ्यांना वाटतं, काहीतरी चाललंय.

आपल्या जमातीबद्दलही बोलतो. बऱ्याच डॉक्टरांना हे सगळं पाठ असतं. पण बाहेर वीस माणसं उभी, त्यात एकाने आमदाराला फोन लावलेला, दुसरा म्हणतो तुमच्याने होत नसेल तर आम्ही बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतो. मग हात लिहितो ‘एसडीपी’, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट्स.

पिशवीवाला | बुधवार, रात्री ९:०५

मी रक्तपेढीत टेक्निशियन. डॉक्टरांनी लिहिलं ते बरोबर, मी आमच्या बाजूने भर घालतो.

दोन प्रकार असतात. तुम्ही शिबिरात रक्त देता, ती पिशवी फिरवून आम्ही तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या करतो. त्यातून जी प्लेटलेट्सची छोटी पिशवी निघते, ५०-७० मिलीची, ती रॅंडम डोनर. ती मोठ्या माणसाचा आकडा पाच ते दहा हजारांनी चढवते, तोही आजार प्लेटलेट्स खात नसेल तर. दुसरा प्रकार मशीनवरचा. एका डोनरला तास-दीड तास बसवून फक्त प्लेटलेट्स काढून घ्यायच्या, बाकी रक्त त्याच्या अंगात परत. ती सिंगल डोनर, साधारण पाच-सहा रॅंडमच्या बरोबरीची, ३० ते ५० हजारांनी चढवणारी. किट महाग असतं, म्हणून खर्च दहा हजारांच्या घरात जातो. रक्त विकता येत नाही, हा प्रक्रियेचा खर्च.

दोन्हींचं आयुष्य पाच दिवस. तेही सतत हलत्या ट्रेवर ठेवून. त्यातला पहिला दिवस तपासण्यांतच जातो. म्हणजे तांबड्या रक्तासारखा महिनाभराचा साठा करून ठेवा म्हटलं तर होत नाही. आता गोव्याचं गणित बघा. डेंग्यू चढतो तो पावसात, आणि चवथीच्या आठवड्यात आख्खं गोवा गावाला. कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, शिबिरं नाहीत. ट्रेवर चार पिशव्या डुलत असतात आणि फोन चाळीस.

आणखी एक वैताग. एका पेशंटसाठी चार-चार एसडीपी मागून ठेवतात. पहिली काढली, दुसऱ्या दिवशी आकडा स्वतःच वर आला, पेशंट घरी. काढलेली पिशवी पडून. नशीब असेल तर दुसऱ्या कुणाला लागते, नाहीतर पाचव्या दिवशी फेकायची.

आणि एक कळकळीची विनंती: प्लेटलेट्स नेताना बर्फात घालू नका. लोक डबा भरून बर्फ घेऊन येतात, नुस्तें (मासे) नेल्यासारखे. थंड झालेल्या ह्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर टिकत नाहीत. साध्या पेटीत, उन्हात न ठेवता, सरळ वॉर्डात.

सत्तरीकरीण | बुधवार, रात्री १०:४८

एरवी इथे फक्त वाचते. पिशवीवाल्यांचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर आहे, एएलएल. केमो सुरू झाल्यावर तिच्या प्लेटलेट्स बनतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, डेंग्यूत कारखाना चार दिवस मंदावतो, हिचा आम्हीच औषधाने बंद केलाय, तो उघडेपर्यंत बाहेरूनच आणायला हव्या. तिला १० हजारांखाली गेलं की देतात, ताप असला तर २०च्या आत आल्याबरोबरच. तिला दिल्या की टिकतात. नाकातून येणारं रक्त थांबतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या पावसात एकदा तिचा आकडा ६ हजार होता. रात्री नाकातून रक्त सुरू झालं, कापसाचे बोळे भरत होते. तिच्या वजनाला दोन रॅंडम पिशव्या पुरतात. त्या दोन मिळेनात. सगळीकडून एकच उत्तर, डेंग्यूवाल्यांना गेल्या. नवरा रात्रभर मोटरसायकलवर. पहाटे मिळाल्या. तीच गोष्ट आमच्या बाजूच्या खाटेवरच्या मुलाची.

मला कुणाचा राग नाही. ज्यांना गेल्या त्यांचीही माणसं घाबरलेलीच असणार. पण झुआरीपार विचारताहेत तोटा काय, म्हणून सांगितलं.

झुआरीपार | बुधवार, रात्री ११:३०

ताई, काय बोलू. मुलगी कशी आहे आता? माझा ग्रूप ओ पॉझिटिव्ह आहे, चालत असेल तर कळवा.

सत्तरीकरीण | गुरुवार, सकाळी ६:५५

आता मेंटेनन्सच्या गोळ्यांवर आहे. शाळेत जाते, केस आलेत. देव बरें करूं.

दोडामार्गी | गुरुवार, सकाळी ८:३०

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, महाराष्ट्रातले, पण आजारी पडलो की गोव्याचेच. जरा वेगळा प्रश्न. वडिलांचं नेहमीचं ब्लड चेकिंग केलं, ताप नाही, काही नाही. प्लेटलेट्स आल्या ५२ हजार. घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर १ लाख ६० हजार. खरं कोण?

म्हादईकाठ | गुरुवार, सकाळी ९:१०

बहुधा दुसरी. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यातच एकमेकींना चिकटतात, आणि मशीन दहा जणींच्या गठ्ठ्याला एक मोजतं, किंवा मोजतच नाही. काच-पट्टीवर रक्त पसरून (ह्यालाच स्मिअर म्हणतात) डोळ्यांनी बघितलं की गठ्ठे दिसतात. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत परत काढलं की खरा आकडा येतो. अचानक कमी आकडा आला आणि माणूस बरा दिसतोय, तर पहिली मागणी हीच करायची: ‘स्मिअर बघा’. फार खाली गेल्यावर मशीनचा अंदाजही ढोबळ होतो. १४ हजार आणि १८ हजार यांत रडण्या-हसण्यासारखं काही नसतं.

अवांतर: गोव्यात ताप आणि कमी प्लेटलेट्स म्हणजे डेंग्यूच, असं धरू नका. मलेरिया आहे, शेतात-गटारात पाय बुडवणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे. आणि सत्तरीत २०१५ पासून जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप आहे. काजूच्या हंगामात डोंगरात जाणाऱ्याला ताप आला तर डॉक्टरांना ‘मी काजूत जातो’ हे न विचारता सांगा. मलेरिया आणि लेप्टोला औषध आहे, आणि ते वेळेत दिलं की प्लेटलेट्स आपल्याआप चढतात. तिथे पिशव्यांच्या मागे धावताना मूळ रोगच हातातून सुटतो.

खाजें, पपईच्या पानांचं राहिलं. काही छोट्या अभ्यासांत आकडा थोडा लवकर वाढल्याचं दिसतं, पण त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले असं सिद्ध नाही. कडू रसाने पेशंट ओकला तर आम्हाला कळत नाही, ही धोक्याची उलटी की पपईची. त्यापेक्षा शहाळं, पेज, ओआरएस. किवीत काही नाही. आवडत असेल तर खा.

खाजें | गुरुवार, ९:२५

किवीवाल्यांचा धंदा बसवला डॉक्टरांनी. मान्य.

माटोळी | गुरुवार, दुपारी १:४०

कालचं सांगते. मी आणि नवरा संध्याकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हादईकाठांनी लिहिलं तसंच विचारलं, शेवटचं वाक्यसुद्धा. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही असं म्हणताय तर मला उलट बरंच आहे. काल तुमच्याच घरातले तिघे येऊन, अजून प्लेटलेट्स का लावल्या नाहीत म्हणून गेले.’ ते तिघे कोण ते आम्हाला कळलंय.

रात्री १९ हजार, आज सकाळी २१. पीसीव्ही ४३. रक्त कुठे नाही. पिशवी लावली नाही. डोनर लोकांचे फोन अजून येताहेत, किती चांगली माणसं आहेत. त्यांना काय सांगू?

पिशवीवाला | गुरुवार, २:१०

सांगा की आता गरज नाही, आणि तो मेसेज जिथे जिथे टाकला तिथे ‘गरज संपली’ म्हणून टाका. असले मेसेज वर्षवर्षभर फिरत राहतात. मला तीन पावसाळे जुना मेसेज ह्या महिन्यात आलाय. आणि यायला तयार आहेत त्यांना जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवायला सांगा, कुणा एकासाठी नव्हे.

दिराला बरं झाल्यावर परतफेड करायची हुक्की आली तर डेंग्यूनंतर सहा महिने रक्त घेत नाही, हेही सांगून ठेवा.

झुआरीपार | गुरुवार, रात्री ८:१५

मी मागे हटतो असं नाही, पण ऐकून घेतोय. डॉक्टर, मग डेंग्यू आणि केमो सोडून प्लेटलेट्स लागतात तरी कधी? पुढच्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, तिच्या ७० हजार आहेत, लिव्हरमुळे कायमच कमी असतात. सर्जन म्हणाले चालेल, आम्हाला मात्र झोप नाही.

म्हादईकाठ | शुक्रवार, सकाळी ७:३०

मागे हटू नका, विचारत राहा.

मोठ्या ऑपरेशनसाठी साधारण ५० हजार पुरतात. मेंदूचं किंवा डोळ्याच्या मागच्या भागाचं असेल तर लाखाच्या आसपास मागतात, कारण तिथे थेंबभर रक्तानेही नुकसान होतं. म्हणजे आईंचे ७० प्लेटलेट्सच्या बाजूने ठीक. लिव्हरचा त्रास असेल तर बाकीचा अंदाज सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतील. लिव्हरच्या आजारात वाढलेली प्लीहा प्लेटलेट्स अडवून ठेवते, त्यामुळे चढवल्या तरी अर्ध्याअधिक तिथेच जाऊन बसतात.

पण प्लेटलेट्स कधी द्यायच्या ती मर्यादा सगळीकडे सरळ खाली ढकलत न्यावी असंही नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची असेल तेव्हाचा एक डच अभ्यास २०२३ साली आला. १० ते ५० हजारांच्या मधल्या पेशंटना आधी प्लेटलेट्स न देता नळी घातली तर त्रासदायक रक्तस्राव सुमारे १२ टक्के, दिल्या तर पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे इथे फायदा होता. अपघातात भरपूर रक्त गेलं, बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाही, तिथे लाल रक्त आणि प्लाझ्माबरोबर प्लेटलेट्सही जातात, आणि तिथे कुणी आकड्याची वाट बघत बसू नये.

उलट बाजूही आहे. आयटीपी नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारतं. तिथे जिवावरचा रक्तस्राव असेल तरच पिशवी, एरवी औषध. टीटीपी नावाच्या आजारात तर बारीक वाहिन्यांत आधीच गुठळ्या होत असतात, तिथे प्लेटलेट्स देणं म्हणजे आगीत तेल. ॲस्पिरिन घेणाऱ्याला मेंदूत रक्तस्राव झाला तर प्लेटलेट्स द्याव्यात असं पूर्वी वाटायचं; २०१६ च्या अभ्यासात, ज्यांचं ऑपरेशन करायचं नव्हतं अशा पेशंटमध्ये, दिलेल्यांची अवस्था न दिलेल्यांपेक्षा वाईट निघाली. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा २०१९ चा अभ्यास तर मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. ५० हजारांखाली गेल्याबरोबर ज्यांना दिल्या त्यांच्यात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के. २५ हजारांपर्यंत थांबले त्यांच्यात १९.

खाजें | शुक्रवार, सकाळी १०:००

माझं नाव नोंदवून आलो. आता पिशवीवाले, सांगा. १५ ऑगस्टच्या शिबिरात मी रक्त दिलंय. आणि काल डोकं दुखत होतं म्हणून ॲस्पिरिन घेतली. सत्तरीकरीण ताईंच्या वॉर्डात कुणाला लागलं तर मी चालेन का?

पिशवीवाला | शुक्रवार, १०:४०

ॲस्पिरिनमुळे आज नाही. ती गोळी प्लेटलेट्सचं चिकटणंच मोडते, तीन दिवस जाऊ देत. शिबिरात पूर्ण रक्त दिल्यापासून मशीनवर बसायला २८ दिवस व्हावे लागतात, कॅलेंडर बघा. वय १८ ते ६० मध्ये, वजन ५०च्या वर आणि तुमच्या स्वतःच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर हव्यात, ते आम्ही आधी तपासतो. हाताची शीरही बघतो. चांगल्या शिरेचा डोनर दिसला की आम्ही खूश.

बसल्यावर ओठांना मुंग्या येतील, ते मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे. लगेच सांगायचं, कॅल्शियमची गोळी देतो, मशीन हळू करतो. एकदा दिल्यावर ४८ तासांनी परत देता येतात, आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, त्याहून जास्त नाही. म्हणून एकदम चाळीस जण नकोत. तुमच्यासारखे दहा जण पाळीपाळीने आले तर चवथीचा आठवडा निघतो.

ओ पॉझिटिव्हचं झुआरीपारांनी विचारलं होतं: शक्यतो त्याच ग्रूपच्या देतो, पण नडलं तर दुसऱ्याही चालतात, लहान मुलांत जरा जास्त बघावं लागतं. तुम्हीही नाव द्या.

सकाळी येणार असाल तर पोटभर न्याहारी करून या. उपाशी डोनरला आम्ही कँटीनला पाठवतो आणि अर्धा तास फुकट जातो.

झुआरीपार | शुक्रवार, ११:०५

सोमवारी येतो. शीर चांगली आहे.